एकाच मुंबईतली दोन हवामाने : मुलुंडची बाग प्रभादेवीला का रुसली?

कुंडीतली माती (८ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमचे बिऱ्हाड मुलुंडहून प्रभादेवीला हलले. मुलुंडला आम्ही बावीस वर्षे डोंगराच्या पायथ्याशी, तळमजल्यावर राहिलो. मागे पूर्वेकडे उघडणारे छोटे अंगण होते आणि माझी सगळी बाग त्या अंगणात होती. येथे सतरावा मजला आहे, पश्चिमेला समुद्राच्या बाजूची बाल्कनी आहे आणि दक्षिणेला बॉक्स ग्रीलची एक खिडकी आहे. टेम्पोतून एकतीस कुंड्या आल्या. आज त्यांतल्या अकरा उरल्या आहेत आणि त्यांतल्याही चार निव्वळ भिडेखातर जिवंत असाव्यात, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

माती तीच, कुंड्या त्याच, खत तेच आणि पाणी घालणारी बाईही तीच. त्यामुळे माझ्या हातून काय चुकले हे कळत नाही. नेमके काय झाले ते सांगते. टोमॅटोची सहा रोपे मागच्या नोव्हेंबरात लावली. ती छातीइतकी वाढली, भरभरून फुलली आणि फुले देठासकट गळून गेली. सगळ्या हंगामात सहा रोपांवर मिळून नऊ टोमॅटो लागले. त्याच बियांची रोपे मी मुलुंडला माझ्या जावेला दिली होती, तिने फेब्रुवारीपर्यंत टोमॅटो शेजाऱ्यांना वाटले. मोगरा दक्षिणेच्या खिडकीत ठेवला, कारण ऊन तेथेच जास्त दिसत होते. जानेवारीत तो हिरवागार होता, पण एप्रिल-मे कोरडे गेले, एक कळी दिसली नाही. शेवंतीला पाने भरपूर आली आणि फुले अजिबात आली नाहीत. कढीपत्ता बाल्कनीत होता, त्याची पाने मे महिन्यात कडेने तपकिरी होत करपली. फक्त सदाफुली, बोगनवेल आणि गोकर्ण यांना येथे माहेर सापडल्यासारखे झाले आहे.

सर्वांचे मत असे पडले की ‘समुद्राची खारी हवा, दुसरे काय’. मलाही तसेच वाटत होते. पण खारी हवा शेवंतीची फुले कशी थांबवेल, हे मला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

गिरगावचा सज्जा (८ नोव्हेंबर)

माझ्या मते हवामानाचा बाऊ करण्याची गरज नाही. आमच्या चाळीच्या सज्ज्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तुळस, जास्वंद, ओवा, पुदिना, लिंबू सगळे होते आणि आजही आहे. बावीस वर्षे त्याच कुंड्यांत तीच माती फिरवली असेल, तर तिच्यात कस उरलेला नसणार. कुंड्या रिकाम्या करा, एक तृतीयांश शेणखत किंवा गांडूळखत मिसळा आणि मग बोला.

खारा वारा (९ नोव्हेंबर)

सज्जा साहेबांचा खताचा सल्ला योग्यच आहे, परंतु त्याने हे कोडे सुटत नाही, कारण त्याच मातीतल्या गोकर्णाची तक्रार नाही. शिवाय चाळीचा सज्जा आणि सतरावा मजला यांची तुलनाच होऊ शकत नाही. गिरगावात समुद्र जवळ असला तरी मधे चार-पाच ओळींच्या इमारती वाऱ्याच्या आणि मिठाच्या आड उभ्या असतात. सतराव्या मजल्यापुढे तसे काहीच नाही.

मी गेली चौदा वर्षे वरळीला समुद्रासमोर बाग करतो, त्यावरून कढीपत्त्याबद्दल सांगतो. करपलेल्या फांदीची पाने नीट पाहिलीत तर वाऱ्याकडची बाजू जास्त आणि भिंतीकडची कमी करपलेली दिसेल. पाण्याच्या कमतरतेने झाड सुकते, तेव्हा ते सगळ्या बाजूंनी सारखे मान टाकते. मिठाची खूण एकांगी असते आणि पानाच्या टोकापासून कडेकडेने आत सरकते. खात्री करायची असेल तर ओले बोट पानावरून फिरवून जिभेला लावा. हसू नका, मी हे दर उन्हाळ्यात करतो. बाल्कनीच्या काचेवर आठवड्याभरात जो पांढुरका, चिकट थर जमतो, तोच पानांवरही जमत असतो. आपण काच पुसतो आणि झाड तसेच ठेवतो.

हे नुकसान मे महिन्यात होण्याला कारण आहे. पावसाळ्याच्या तोंडावर वारा जोर धरतो, समुद्र खवळू लागतो, तुषार हवेत उडतात आणि ते धुऊन टाकणारा पाऊस मात्र अजून आलेला नसतो. जून-जुलैत वारा त्याहून जास्त असतो, पण वरून पाणी पडत असल्याने मीठ टिकत नाही. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत दर दोन दिवसांनी संध्याकाळी पानांवर साध्या पाण्याचा फवारा मारायचा. महापालिकेचेच पाणी वापरा. समुद्रालगतच्या बऱ्याच सोसायट्यांचे बोअरचे पाणी मचूळ असते आणि त्याने पाने धुणे म्हणजे मिठाने मीठ धुणे होय.

मात्र मीठ हा अर्धाच गुन्हेगार आहे. दुसरा वारा आहे आणि तो जास्त लबाड आहे, कारण त्याची खूण राहत नाही. एवढ्या उंचीवर वारा दुपारभर थांबत नाही, त्यामुळे पानांतून पाणी मुळांच्या वेगापेक्षा लवकर उडते. तळमजल्यावर जी कुंडी दोन दिवस ओली राही, ती येथे दुपारी चारला कोरडी असते. शिवाय दोन मनोऱ्यांमधल्या फटीतून वारा दाटून येतो, तेथे त्याचा वेग समोरच्या मोकळ्या समुद्रावरच्यापेक्षाही वाढतो. बाल्कनीत चार ठिकाणी दोऱ्याला कागदाच्या पट्ट्या बांधा आणि एक दिवस नुसते बघा. कोणती पट्टी सतत आडवी राहते आणि कोणती लोंबकळत असते, हे कळले की कढीपत्ता कोठे ठेवायचा ते आपोआप ठरेल.

एक सूचना मात्र आधीच करतो. वारा अडवण्यासाठी पत्रा किंवा प्लायवूड लावू नका. सपाट आडोशावरून वारा उसळून पलीकडे भोवरे घालतो आणि तेथली झाडे जास्त झोडपली जातात. निम्मा वारा आत सोडणारी हिरवी जाळी चांगली. सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्या. आमच्याकडे जाळीच्या रंगावरून दोन सर्वसाधारण सभा खर्ची पडल्या आहेत.

शून्य सावली (९ नोव्हेंबर)

मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबला तर सांभाळून घ्यावे.

मोगऱ्याचे कोडे समुद्रात नाही, सूर्यात आहे. मुंबईचा अक्षांश सुमारे १९ अंश उत्तर आहे, म्हणजे आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावरून जातो, साधारण १५ मे आणि २८ जुलै या सुमारास. त्या दिवसांना आपण शून्य सावली दिवस म्हणतो. या दोन तारखांच्या मधे भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून फक्त साडेसत्तेचाळीस अंश वर असतो.

आता हे आपल्या खिडकीला लावून पाहा. डिसेंबर-जानेवारीत कललेला सूर्य दक्षिणेच्या खिडकीतून थेट आत शिरतो; वरचा स्लॅब तीन मीटर उंचीवर असेल आणि मधे काही अडथळा नसेल, तर ऊन जवळजवळ पावणेतीन मीटर आत येते. आपण नोव्हेंबरात घर लावलेत आणि ‘ऊन तेथेच जास्त’ असा निष्कर्ष काढलात, तो त्या महिन्यापुरता बरोबर होता. पण एप्रिलच्या अखेरीस सूर्य इतका वर चढतो की वरचा छज्जाच त्या खिडकीला छत्री धरतो, आणि मे महिन्यात तेथे थेट ऊन पडतच नाही. मोगऱ्याला कळ्या धरायला तापलेले, लखलखीत ऊन लागते आणि त्याचा हंगाम मार्च ते मे असतो. तुम्ही त्याला नेमके त्याच काळात सावलीत बसवलेत. मुलुंडच्या पूर्वेच्या अंगणात सकाळचे ऊन त्याला बारा महिने मिळत होते.

याउलट उत्तरेची खिडकी. तिच्यात ऊन येत नाही असे मुंबईकर सर्रास धरून चालतात, पण एप्रिल अखेरीपासून पावसाचे ढग दाटेपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन तेथे पडते. वर्षभर सावलीत सुखाने राहिलेली झाडे तेथे ऐन मे महिन्यात भाजतात.

याच हिशेबाने समोरच्या इमारतीचेही बघावे. दक्षिणेला तीस मीटर उंचीची इमारत असेल, तर २२ डिसेंबरला भर दुपारी तिची सावली उत्तरेकडे सुमारे सत्तावीस मीटर पडते. मे महिन्यात तीच सावली इमारतीच्या पायाशी गोळा होते. पुनर्विकासात समोर मनोरा उभा राहिला की खालच्या मजल्यांचा हिवाळी भाजीपाला संपतो तो यामुळे. खत बदलून उपयोग नसतो.

आणि एका शहरात हवा एवढी वेगळी असू शकते का, अशी शंका कोणाला असेल तर २६ जुलै २००५ आठवावा. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला आणि कुलाब्याच्या वेधशाळेने सुमारे ७३. दोन्ही मुंबईतच आहेत आणि त्यांच्यात पंचवीस किलोमीटरही अंतर नाही.

अर्धछाया (९ नोव्हेंबर)

शून्य सावली सर, अंधेरीतल्या माझ्या उत्तरेच्या खिडकीतली नेचे आणि मनी प्लँट तीन वर्षे दर मे महिन्यात करपत आहेत आणि मी दर वेळी रोपवाटिकेवाल्याशी भांडून नवी आणत आहे. त्या बिचाऱ्याची मनोमन माफी मागते.

माझा आणखी एक अनुभव या धाग्यात बसेल. दुसरी खिडकी पूर्वेला आहे आणि तिच्यावर पत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेर आठ दिवस कोसळत होते, म्हणून मी झाडांना पाणी घालणे बंद केले. आठव्या दिवशी पालकाची कुंडी हाताला कोरडी ठणठणीत लागली आणि पालक जमिनीला टेकला होता. भर जुलैत, मुंबईत, माझे झाड तहानेने गेले. असे का व्हावे?

खारा वारा (१० नोव्हेंबर)

पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंतींना सपकारे बसतात आणि इमारतीची पूर्वेची बाजू पाठीशी पडते. त्यात पत्रा असेल तर पागोळ्या कुंडीच्या चार बोटे पुढे पडतात आणि कुंडीत थेंबही येत नाही. उलट पश्चिमेच्या बाल्कनीत मातीच वाहून जाते. पावसाळ्यातही रोज बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे, याला पर्याय नाही. मात्र कुंडीखालच्या ताटल्या कोरड्या ठेवा; डेंग्यूचे डास त्याच साचल्या पाण्यात होतात.

पहाटेचा पारा (१० नोव्हेंबर)

टोमॅटोचा विषय अजून कोणी घेतला नाही, तो मी घेतो. मी बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत राहतो आणि मला पहाटे सहाला तापमापक पाहण्याचे जुने व्यसन आहे.

टोमॅटोची फुले गळण्यामागे रात्र असते. दिवसा बत्तीस-पस्तीस अंशांच्या पुढे आणि रात्री एकवीस-बावीसच्या पुढे पारा राहू लागला की परागकण नीट काम करत नाहीत, फळ धरत नाही आणि फूल देठाच्या सांध्यापाशी सुटते. झाड मात्र तजेलदार दिसते, म्हणूनच माणूस चक्रावतो. समुद्राचे पाणी हिवाळ्यातही फारसे गार होत नाही, त्यामुळे त्याच्या शेजारची रात्र उबदार राहते. कुलाब्याचे जानेवारीतले किमान तापमान सांताक्रूझपेक्षा साधारण दोन-तीन अंशांनी जास्त असते, हे वर्तमानपत्रातल्या रोजच्या आकड्यांवरून कोणालाही दिसेल. सांताक्रूझने २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांपर्यंत उतरलेला पारा पाहिला आहे. आमच्या किंवा मुलुंडच्या पायथ्याशी तर आणखी एक गोष्ट घडते : रात्री डोंगरउतारावरची हवा गार होऊन जड होते आणि हळूहळू खाली ओघळून पायथ्याशी साठते. तुमच्या जाऊबाईंचे टोमॅटो त्या साठलेल्या गारव्यावर पोसले गेले.

त्यात सिमेंटची भर पडते. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री अकरापर्यंत ते परत देत राहते. संध्याकाळी सातला भिंतीला तळहात लावून पाहा. शेजारी एसीचे बाहेरचे यंत्र असेल तर त्याची गरम फुंकर वेगळीच.

आपल्याकडे पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि दुपारच्या सुमारास खारे वारे उलटे सुरू होतात, हे आपण शाळेत शिकलो. मार्चमध्ये ज्या दिवशी खारे वारे उशिरा सुरू होतात, त्या दिवशी उपनगरे भाजून निघतात आणि प्रभादेवी त्या मानाने सुखात असते. म्हणजे तुमच्या नव्या घराला फक्त तोटेच आहेत असे नाही. वांगी, भेंडी, मिरची आणि गवार यांना उबदार रात्र चालते. टोमॅटोच हवा असेल तर छोट्या फळांचे, चेरी जातीचे लावा, ते उष्णतेला बरेच जुमानत नाहीत.

कुंडीतली माती (१० नोव्हेंबर)

भिंतीला हात लावून पाहिला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि भिंत ताज्या भाकरीच्या तव्यासारखी नसली तरी उबदार नक्की होती. पानही चाटले. खारट आहे. यजमानांनी काही न बोलता दार लावून घेतले.

आता राहिली शेवंती. ती दक्षिणेच्या खिडकीत होती, म्हणजे हिवाळ्यात तिला ऊन होते, वारा नव्हता, मीठ नव्हते. मग?

शून्य सावली (११ नोव्हेंबर)

रात्री त्या खिडकीत उजेड येतो का?

कुंडीतली माती (११ नोव्हेंबर)

समोर बांधकाम चालू आहे. क्रेनवरचा मोठा दिवा रात्रभर थेट आमच्या खिडकीवर असतो. आम्ही त्यासाठी जाड पडदे शिवून घेतले.

शून्य सावली (११ नोव्हेंबर)

मग पडदे शेवंतीला हवे होते.

शेवंती ही लहान दिवसांची वनस्पती आहे. दिवस आखडले आणि रात्री लांबल्या की ती कळ्या धरते. ती मोजते मात्र रात्र, आणि तीही अखंड काळोखाची. आपल्याकडे डिसेंबरात सुमारे तेरा तासांची रात्र असते, ती तिला पुरते. पण मधे दिव्याचा झोत पडत राहिला तर तिच्या लेखी रात्र झालेलीच नसते आणि ती पाने वाढवत बसते. रस्त्यावरच्या दिव्याखालची, दुकानाच्या पाटीसमोरची किंवा रात्रभर उजळलेल्या जिन्यातली शेवंती याच कारणाने रुसते. लाल पानांच्या पॉइन्सेटियाचेही असेच आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांच्याबरोबर मुंबईत काळोखसुद्धा जागा पाहून मिळतो.

उपाय सोपा आहे. संध्याकाळी साडेसहाला कुंडीवर मोठे खोके उपडे घालायचे आणि सकाळी सातला काढायचे. कळ्यांना रंग दिसू लागेपर्यंत एकही रात्र चुकवू नका.

गिरगावचा सज्जा (१२ नोव्हेंबर)

माझे मत मागे घेतो. निम्मे. माती तरी बदलाच.

कुंडीतली माती (१९ जानेवारी)

मंडळी, अहवाल देणे लागते. धुलाई यंत्राचे खोके शेवंतीवर रोज चढले. दोन रात्री मी लग्नाला गेले होते तेव्हा यजमानांनी फोनवर ‘झाकली’ असे कळवले. नाताळच्या आसपास कळ्या दिसल्या आणि आज पिवळी फुले उमलली आहेत. कुंड्यांतली माती बदलली आहे, सज्जा साहेबांनी नोंद घ्यावी. कागदाच्या पट्ट्यांवरून असे कळले की बाल्कनीचा उत्तरेकडचा कोपरा, जो मी मोकळा म्हणून उत्तम समजत होते, तोच वाऱ्याचा रस्ता आहे. तेथे आता बोगनवेल आहे. कढीपत्ता दुसऱ्या टोकाला खांबाच्या आड गेला आहे. टोमॅटोचा नाद सोडून मिरची लावली. टोमॅटो आता मुलुंडहून येतात, पिशवीतून.

कुंडीतली माती (३ मे)

होळी झाली त्या आठवड्यात मोगरा दक्षिणेच्या खिडकीतून काढून पश्चिमेच्या बाल्कनीत, कठड्याच्या आत, जाळीमागे ठेवला. दुपारी एकपासून मावळतीपर्यंत त्याला ऊन मिळते. सकाळी आणि संध्याकाळी दोनदा पाणी लागते आणि एक दिवसाआड पाने धुवावी लागतात, परंतु काल पहिल्यांदा ओंजळभर कळ्या निघाल्या. जावेकडे पाठवल्या आहेत, टोमॅटोच्या रिकाम्या पिशवीतून.

अर्धछाया यांना आठवण करून देते : उत्तरेच्या खिडकीतली नेचे अजून आत घेतली नसतील तर आज घ्यावीत.

अर्धछाया (३ मे)

रविवारीच घेतली. जागा रिकामी झाली म्हणून तेथे ऑफिस टाइमची रोपे मांडली आहेत. पावसाचे ढग येईपर्यंत तेवढी फुले मिळतील, असा हिशेब आहे.